सुया हातात घेण्याआधी मेंढी ओळखा: लोकरीच्या धंद्यातला पहिला धडा



शनिवारच्या व्हिडिओत मी टेबलावर लोकरीचे पाच ढीग मांडले होते आणि हात लावून सांगत होते की हा मेरिनो, हा दख्खनी वगैरे. व्हिडिओ चांगला झाला, पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे कुठल्या लोकरीचं काय करायचं आणि काय करायचं नाही. दुसरी म्हणजे हिशोब. त्या दोन्ही इथे लिहिते. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी आकडेमोड आहे.

आधी माझा तोटा सांगते, म्हणजे मी हे एवढं घसा ताणून का सांगतेय ते कळेल.

२०२१ ची गोष्ट. कोल्हापुरात माझं दुकान तेव्हा नुकतंच जम धरत होतं. एका लग्नघरातून ६० फेल्टच्या पाऊचची ऑर्डर आली. फेल्टचा पाऊच म्हणजे आधी सुयांवर मोठा, सैलसर विणायचा आणि मग गरम साबणपाण्यात चोळून आटवायचा. आटला की कापड जाड, घट्ट होतं, टाके दिसेनासे होतात. मी विचार केला, चांगलं काम करायचं तर चांगलं सूत घेऊ. शंभर टक्के मेरिनो मागवलं, ४ किलो २०० ग्रॅम, १८,९०० रुपयांचं. आमच्या चार बायका बसल्या विणायला. २२ पाऊच झाले तेव्हा पहिला मी गरम पाण्यात घातला. चोळला. अजून चोळला. मशीनमध्ये टाकला. बाहेर आला तो जसाच्या तसा, उलट थोडा सैल होऊन!

लेबल काढून वाचलं. शंभर टक्के मेरिनो, हे खरं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: सुपरवॉश. विकणाऱ्याची काही चूक नव्हती. वाचायला मी होते आणि मीच वाचलं नाही.

ऑर्डर गेली. १५,००० ऍडव्हान्स परत केला. २२ पाऊचची मजुरी २०० प्रमाणे ४,४०० दिली, ती द्यायलाच हवी होती, बायकांनी काम केलं होतं. सूत दीड वर्ष बाळांच्या टोप्या करून संपवलं. बीबीएला आम्हाला कच्च्या मालावर अख्खं प्रकरण होतं, पण कच्च्या मालाचा स्वभाव असतो हे त्यात कुठे नव्हतं.

'लोकर' म्हणजे नक्की काय?

आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. दुकानात जाऊन 'लोकर द्या' म्हटलं की आपल्याला जो गुंडा मिळतो, तो बहुतेक वेळा ऍक्रिलिकचा असतो. म्हणजे प्लास्टिकच्याच जातकुळीतला कृत्रिम धागा. मेंढीचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण विणायचं ते सगळं 'लोकर', अशी आपली सवय. माझ्या आजीनेही आयुष्यभर ऍक्रिलिकलाच लोकर म्हटलं आणि त्याचेच स्वेटर घातले आम्हाला. ऍक्रिलिक वाईट नाही. स्वस्त आहे, रंग पक्के आहेत, रोज धुता येतं, कसर लागत नाही. पण ते आटत नाही, म्हणजे फेल्ट होत नाही. आणि गिऱ्हाइकाला 'प्युअर वूल' म्हणून ते विकलं तर ती फसवणूक आहे, तुम्हाला माहीत नसलं तरी.

ओळखायचं कसं? वीतभर धागा तोडा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. मेंढीची लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझत जाते, आणि मागे राहते ती काळी राख बोटाने चुरडता येते. ऍक्रिलिक वितळत जळतं आणि त्याचा कडक मणी होतो. (लगेच बोट लावू नका, चटका बसतो. माझ्या बोटावर खूण आहे.) दोन्हींची मिसळ असेल तर मणी आणि राख दोन्ही दिसतात, तिथे जरा नजर लागते.

पण ही परीक्षा मला २०२१ मध्ये वाचवू शकली नसती. माझं सूत खरंच मेंढीचं होतं. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे, आणि ती समजायला लोकरीच्या तंतूवर काय असतं ते बघावं लागेल.

लोकर आटते का?

लोकरीचा एक तंतू भिंगाखाली धरला तर त्यावर माशासारखे खवले दिसतात. सगळे एकाच दिशेला, मुळाकडून टोकाकडे. गरम पाणी, साबण आणि चोळणं या तिघांनी तंतू हलायला लागतात. पण खवल्यांमुळे ते एकाच बाजूला सरकू शकतात, मागे येता येत नाही. कुसळ कसं कपड्यात पुढेच शिरत जातं, मागे ओढलं तर अडकतं, तसंच. हजारो तंतू असे एकमेकांत घुसले की कापड आटतं. आईने गरम पाण्यात भिजवून वाया घालवलेला स्वेटर म्हणजे न ठरवता केलेलं फेल्टिंग.

सुपरवॉश म्हणजे हे खवले आधीच बोथट केलेली लोकर. क्लोरीनची प्रक्रिया करून खवले झिजवतात आणि बहुतेक वेळा वरून रेझिनचा पातळ थर देतात. त्यामुळे मशीनमध्ये धुतलं तरी आटत नाही. बाळाच्या कपड्याला उत्तम, फेल्टिंगला शून्य.

आता ती परीक्षा. धाग्याची दोन टोकं घ्या, जरा उसवा, एकमेकांवर ठेवा, तळहाताला पाणी लावा आणि दोन्ही तळव्यांमध्ये जोरात घासा, हात गरम होईपर्यंत. टोकं चिकटून एक धागा झाला तर लोकर आटणारी. सुटी पडली तर सुपरवॉश, नाहीतर ऍक्रिलिक. अर्धा मिनिट लागतो. माझे १८,९०० रुपये या अर्ध्या मिनिटात वाचले असते.

मेंढीप्रमाणे लोकर

लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ढोबळ नियम असा की तंतू तिशीच्या पुढे गेले की त्यांची टोकं कातडीला टोचायला लागतात. खाज येते ती 'लोकरीची ऍलर्जी' म्हणून आपण मोकळे होतो, पण बऱ्याचदा ते नुसतं जाड टोकांचं टोचणं असतं.

मेरिनो मूळची स्पेनची, आता ऑस्ट्रेलिया तिचं मोठं घर. तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आतले, बारीक आणि भरपूर कुरळे. गळ्याला, बाळाला, टोपीला हीच. न प्रक्रिया केलेली मेरिनो फेल्टही झटकन होते, कधी कधी इतकी झटकन की नवशिक्याच्या हातात गोळा होतो. कोरिडेल ही मेरिनो आणि लांब लोकरीच्या इंग्रजी मेंढ्यांच्या संकरातली जात. तंतू पंचविशीपासून तिशीपर्यंत. शिकाऊ हातांना मी हीच देते, कारण ती सावकाश, सांगून-सवरून आटते. सफोकसारख्या काही जातींची लोकर फुगीर असते पण आटायला फार कंटाळा करते. मोज्यांना ती चांगली, फेल्टला नको.

आपल्या देशात राजस्थानची चोकला आहे, तिला 'राजस्थानी मेरिनो' म्हणतात. बिकानेरकडची मगरा आहे, तिच्या लोकरीला चमक असते आणि ती गालिच्यात जाते. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने चोकलासारख्या देशी मेंढ्या आणि रॅम्बुले, रशियन मेरिनो यांच्या संकरातून 'भारत मेरिनो' तयार केली. आणि हो, पश्मीना मेंढीची नव्हे, लडाखच्या चांगथांगी बकरीची. प्रदर्शनात दोनशे रुपयांना 'पश्मीना' विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

आता आपली दख्खनी. काळी, कधी करडी-तपकिरी, माळावर जगणारी काटक मेंढी. वर्षातून दोनदा कातरतात आणि दोन्ही मिळून एका मेंढीची किलोभरसुद्धा लोकर भरत नाही. तंतू जाड, त्यात केसही मिसळलेले. हिची लोकर गळ्याला लावली तर तुम्ही मला शिव्या द्याल. फक्त कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मऊ असते. तिला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला अजून मान आहे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको की या भागात लोकर म्हणजे नुसता माल नाही.

पण मालाचं काय चाललंय तेही बघा. मागच्या वर्षी हातकणंगल्याच्या पुढे एका वाड्यावर गेले होते. कातरणी चालू होती. मी भाव विचारला तर मामा हसले. म्हणाले, "ताई, कातरायची मजुरी निघत नाही बघा. न्यायची तर न्या पोतं, न्हाईतर खड्ड्यात टाकणार." मी विचारलं, मग कातरता कशाला? "तिला उकडतंय की. पावसात भिजली तर वजनानं बसती. किडं हुत्यात. कातराय तर लागतंयच."

मी पोतं घेतलं आणि पैसे दिले. ते घेत नव्हते. फुकट घेऊ नका, मंडळी. फुकटच्या मालावर उभा केलेला हिशोब दुसऱ्या वर्षी कोसळतो, कारण दुसऱ्या वर्षी तो माणूस मेंढ्याच बदललेला असतो. जत भागातली माडग्याळ मेंढी बघा, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं नाक. मटणाला आणि विक्रीला तिला जोरदार भाव आहे, लोकर नावापुरती. मेंढपाळाने तिच्याकडे वळू नये असं दुकानात बसून मी कुठल्या तोंडाने सांगू? लोकरीचे पैसे दिले तरच सांगता येईल.

त्या पोत्याचं मी काय केलं

पहिली चूक: मी त्यातून पाऊच करायला गेले. झाले, पण हाताला केस लागायचे, आणि काळ्या रंगावर दुसरा रंग चढत नाही. दोन मुली म्हणाल्या, "ताई, छान आहे, पण घेणार नाही." खरं बोलल्या म्हणून बरं.

मग मी उलटा विचार केला. पाऊचसाठी लोकर शोधण्यापेक्षा या लोकरीला काय व्हायचंय ते बघू. जाड, टिकाऊ, गडद, मळ न दाखवणारी. आणि लोकर सहज पेट घेत नाही, वितळत नाही. म्हणजे गरम कुकरखाली ठेवायची बैठक, कुंडीखालची चकती, देवापुढचं आसन, चपलेच्या आतला तळवा. आपल्याकडे हे नवीन नाहीच. घोंगडी खड्ड्यातल्या मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. पण घोंगडीच्या दुकानात 'जेन' नावाची जाड बैठक मिळते ती विणलेली नसते, लोकर पसरून, भिजवून, दाबून केलेली असते. काश्मीरचा आणि राजस्थानात टोंकचा नमदा हीच पद्धत. आपण ज्याला इंटरनेटवर बघून 'वेट फेल्टिंग' म्हणतो ते शेजारच्या तालुक्यात बसून कुणाचे तरी आजोबा करत होते.

घरी करायचं तर असं. लोकर कोमट पाण्यात बुडवून धुवा, चोळू नका, नाहीतर तिथेच गोळा होईल. वाळवून, पिंजून पातळ थर करा. बांबूच्या चटईवर एक थर आडवा, त्यावर एक उभा, परत आडवा. वर जुनी नेटची साडी अंथरा, गरम साबणपाणी शिंपडा, आधी हलक्या हाताने दाबा, मग गोल चोळा. चिमटीने उचलून बघा. तंतू सुटे निघत असतील तर अजून वेळ आहे. एकसंध उचललं गेलं की चटईसकट गुंडाळा आणि लाटा. शंभर वेळा, मग दिशा बदलून शंभर, मग परत. दख्खनीला मेरिनोच्या दुप्पट वेळ लागतो, दंड भरून येतात. शेवटी साध्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून खळबळा, म्हणजे साबणाचा अंश निघतो.

विणून आटवणार असाल तर रोजच्यापेक्षा दोन नंबर जाड सुया घ्या आणि सैल विणा. आणि कितीही घाई असली तरी आधी नमुन्याचा चौकोन. ३० टाके घाला, सुलट-उलट विणत चौकोन करा, मोजा, लिहा, आटवा, परत मोजा. लांबी आणि रुंदी सारखी आटत नाही, लांबी जास्त जाते. माझ्या एका सुताचा २० बाय २० चा चौकोन आटून १६ बाय १४ झाला. म्हणजे मला १६ रुंद आणि २१ उंच पाऊच हवा असेल तर विणायचा २० रुंद आणि ३० उंच. ३० उंच! हे आधी न मोजता किती सूत लागेल ते सांगणारा माणूस ज्योतिषी असला पाहिजे. रंग बदलला की चौकोन परत करा. पांढरा आणि गडद रंग एकाच कंपनीचे असले तरी वेगळे आटू शकतात.

आता हिशोब

समजा न प्रक्रिया केलेलं सूत १०० ग्रॅमला ३५० रुपये. एका पाऊचला ७० ग्रॅम, म्हणजे २४५. विणायला अडीच तास, आटवायला पाऊण, अस्तर आणि चेन लावायला पाऊण, एकूण चार तास. तासाला ८० धरा, ३२०. चेन, अस्तर, साबण, गॅस मिळून ४५. झाले ६१०. दहात एक बिघडतो, मग त्याचा भार बाकीच्यांवर टाका, साधारण ६०. बेरीज ६७०.

तुम्ही किंमत लावली ९५०. घरून विकला तर २८० राहतात, छान. पण दुकानात ठेवला आणि दुकानदाराचं कमिशन ३० टक्के असेल तर हातात येतात ६६५. म्हणजे प्रत्येक पाऊचमागे तुम्ही पाच रुपये घालून तो विकताय, आणि वर 'सगळे विकले गेले' म्हणून पेढे वाटताय. हे मी बघितलंय, पेढेही खाल्लेत.

इथे बहुतेक जणी एकच गोष्ट करतात: स्वतःची मजुरी शून्य धरतात. 'मी टीव्ही बघता बघता विणते' म्हणतात. मग जेव्हा ऑर्डर वाढते आणि शेजारणीला काम द्यायची वेळ येते तेव्हा तिचे ३२० कुठून काढणार? मजुरी पहिल्या पाऊचपासून लिहा, भले तो पैसा तुमच्याच डब्यात जाऊ दे.

कुकरखालच्या चकतीचा हिशोब वेगळा निघतो. कच्ची लोकर धुतल्यावर माझ्या पोत्याचं वजन तिसऱ्या हिश्श्याने घटलं होतं, माती, काटे, शेण गेलं. म्हणून किलोचा भाव लिहिताना धुतलेल्या किलोचा लिहा. विणकाम नाही, चेन नाही, एका वेळी एका चटईवर चार चकत्या लाटता येतात. किंमत कमी, पण वेळ फारच कमी. माझ्या दुकानात आज पाऊचपेक्षा चकत्या जास्त सुटतात, आणि मामांना पोत्याचे पैसे जातात. फार नाही जात. पण यंदा त्यांनी फोन करून विचारलं, "कवा येताय?"

लेबलवर काय लिहायचं ते नीट लिहा: कुठल्या मेंढीची लोकर, हाताने धुवायची की मशीनमध्ये, आणि दख्खनीवर स्पष्ट लिहा, 'अंगाला लावायची नाही'. माल पॅक करण्याआधी कडकडीत उन्हात दोन दिवस टाका. कसर लागलेली एक चकती बाकी पन्नास चकत्यांना पुरते. कडुनिंबाचा पाला ठेवा, पण पाल्यावर विसंबून पोतं वर्षभर उघडू नका असं करू नका, महिन्यातून एकदा हलवा.

या आठवड्याचं काम: घरात जेवढे गुंडे पडलेत त्या प्रत्येकाचा वीतभर धागा काढा, जाळून बघा, तळहातावर घासून बघा, आणि वहीत तीन रकान्यांत लिहा. पुढच्या शनिवारी आपण त्याच वहीवरून प्रत्येक सुताचं एक-एक उत्पादन ठरवणार आहोत.